कुटुंब क्रमांक सतरा

छापलेल्या पुस्तकात आपलं नाव बघून माणसाला आनंद होतो. मला त्या दिवशी घाम फुटला.

तेजश्री सकाळी नऊच्या सुमाराला आली होती. पाठीवर सॅक, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाच प्रबंध. ओसरीवर बसून ती तांब्याभर पाणी प्यायली, मग त्यातला सगळ्यात जाड, लाल रेक्झिनचा प्रबंध काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवला.

"गुरुजी, पान सहा काढा."

वर 'ऋणनिर्देश' असं लिहिलेलं. कुलगुरू, मार्गदर्शक, आईवडील, ग्रंथपाल, टंकलेखक, सगळ्यांचे आभार. शेवटून तिसरी ओळ अशी होती : 'मेंढेवाडी येथील शिक्षक श्री. बिभीषण गुरुजी यांनी प्रश्नावल्या भरून घेण्याच्या कामी केलेल्या अमोल सहकार्याशिवाय हे संशोधन पूर्णच झाले नसते.'

"बघा!" तेजश्रीनं टाळी वाजवली. "एवढी वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात तुमचं नाव पडून हाय, आन् तुमी कुणाला बोलले पण न्हाईत. लई गुपचूप माणूस तुमी."

"विसरलो होतो," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

तेजश्री ही म्हाळूची मुलगी. म्हाळू मेंढपाळ. गेवराईपासून अकरा किलोमीटरवर, गोदावरीच्या अंगाला आमची मेंढेवाडी, साठ उंबऱ्यांची. त्या साठ उंबऱ्यांतून विद्यापीठापर्यंत पोचलेली ही पहिली पोर. पहिली ते सातवी माझ्याकडं शिकली. तिचा विषय होता, मेंढेवाडीतलं मेंढीपालन गेल्या बावीस वर्षांत कसं बदललं. प्रबंध जमा करायला नऊ दिवस उरले होते. दहाव्या दिवशी तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. ती चुकली की सहा वर्षांचं काम बाद, पुन्हा पहिल्यापासून सगळं. पुन्हा पहिल्यापासून करायला म्हाळू तिला थांबू देणार नव्हता. अठ्ठावीस पूर्ण झाली होती तिला, त्याला आता तिचं लग्न करायचं होतं.

माझ्याकडं ती शुद्धलेखन तपासून घ्यायला आली होती.

"आन् हे चार कशाला आणलेस?" मी पिशवीकडं बोट केलं.

"हे माझे मास्तर," ती हसली. "सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंतं, आधी लिहायचं न्हाई, आधी दुसऱ्यांनी कसं लिहिलं ते वाचायचं. प्रश्न कसा मांडला, प्रकरणं कशी पाडली, तक्ते कुठं ठेवले, संदर्भ कसे दिले. हे दोरे बघा."

प्रत्येक प्रबंधातून लोकरीचे दोरे लोंबत होते, काळे आणि पांढरे. तिची आजी साखराबाई हयात असताना टकळीवर कातायची, त्यातलेच असणार. काळा दोरा म्हणजे इथं शिकण्यासारखं काही आहे. पांढरा म्हणजे असं आपण करायचं नाही. एका प्रबंधात पांढरेच दोरे जास्त होते. "ह्यानं आख्खं दुसरं प्रकरण उचललंय," ती म्हणाली, "ज्याचं उचललं त्याच्या टायपिंगच्या चुकांसकट." आणि एक होता पातळ, पिवळा पडलेला, अंबाजोगाईकडच्या कुणा बाईंचा. त्याला नुसते काळे दोरे.

लाल प्रबंधात दोरे मोजता येणार नाहीत इतके होते. सगळे काळे.

"हा माझा पाया हाय, गुरुजी. प्रविण सरांचा. दोन हजार तीन साली आपल्याच वाडीत येऊन साठ घरांची पाहणी केली त्यांनी. तवा घरटी सरासरी एकशे बारा मेंढरं. म्या आत्ता मोजली, तर एक्केचाळीस. बावीस वर्षांत जवळजवळ दोन तृतीयांश मेंढरू गेलं! माझा सगळा प्रबंध ह्या एका वाक्यावर उभा हाय."

ते वाक्य तिनं मला तिच्या छापील मसुद्यात दाखवलं. खाली तांबड्या पेनानं दोनदा रेघ ओढलेली.

ती परवा येते म्हणून गेली. तिची तीन प्रकरणं आणि तो लाल प्रबंध माझ्याजवळ ठेवून गेली, संदर्भ ताडून बघायला.

मी शुद्धलेखन तपासायला बसलोच नाही. प्रबंधाची शेवटची पानं उघडली. परिशिष्ट दोन : 'भरलेल्या प्रश्नावलीचा नमुना. कुटुंब क्रमांक १७.' नावाच्या जागी काळी पट्टी. खाली लहान मुलाचं गोल, टपोरं, घाईचं अक्षर. मेंढरं किती? दोनशे. वर्षात बाहेर किती महिने? आठ. लोकर कोण विकतं? आजी. आणि अगदी तळाला, 'कुटुंबप्रमुखाची सही अथवा अंगठा' असं छापलेल्या चौकटीत, एक अंगठा.

चौकट मोठ्या माणसाच्या अंगठ्यासाठी आखलेली. हा ठसा त्या चौकटीत चिंचोक्याएवढा दिसत होता. मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती, जखम भरून आल्यावर राहते तशी.

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. रेघ तिथंच होती.

सगळं आठवलं. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. दिवाळी झाली की वाडीची कर्ती माणसं मेंढरं घेऊन गोदाकाठानं खाली उतरतात, ती मृगाच्या तोंडाला परत येतात. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. अशा वेळी हा प्रविण मोटारसायकलवर आला. पोरसवदा, अंगात इस्त्रीचा शर्ट, वाडीत कुलपं बघून रडकुंडीला आलेला. "गुरुजी, कुणीच न्हाई हो घरी. तुमाला तर घरन्‌घर ठाऊक. एवढे साठ कागद भरून ठेवा, आठ दिवसांनी घेऊन जातो." त्या काळात असंच चालायचं. कुठलीही पाहणी आली की तिचे कागद शाळेत येऊन पडत. जनावरं मोजा, विहिरी मोजा, सगळं मास्तरच्या टेबलावर.

मी त्याला नाही म्हणालो नाही. वर मला त्यातून एक धडाही सुचला. सातवीच्या पुस्तकात 'अर्ज भरणे' होतंच. मोठ्या पोरांना एकेक कागद वाटला, म्हणालो, आपापल्या घरचा आणि शेजारच्या घरचा भरा, अक्षर सुवाच्य पाहिजे. पोरं खूश झाली. कुणी बापाची मेंढरं आठवून लिहिली. कुणी शेजाऱ्याची अंदाजानं. कुणी मनाला येईल तेवढी. मी आकडे बघितलेच नाहीत. मी वेलांट्या बघत होतो. पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांना लिहिता येत नव्हतं, ती रुसून बसली. मग मी शाळेच्या शिक्क्याची जांभळी शाई काढली आणि त्यांना अंगठे उठवायला बसवलं. दुपारभर वर्गात नुसता हशा.

सतरा नंबरचा कागद म्हाळूच्या घरचा होता. लिहिला होता शहादेवनं, म्हाळूच्या धाकट्या भावानं, तो तेव्हा सातवीत. अंगठा होता म्हाळूच्या सहा वर्षांच्या पोरीचा. कातरीवर हात पडून तिचा अंगठा आदल्याच वर्षी कापला होता. मीच हळद भरून चिंधी बांधली होती.

जेवण गेलं नाही. दुपारी ओसरीवर बसलो तर रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटारसायकल आपल्याकडंच वळतेय असं वाटायला लागलं. सांगावं, तर पोरीचा पाया माझ्याच हातानं काढायचा, आणि तोही नऊ दिवस उरलेले असताना. न सांगावं, तर? ती तोंडी परीक्षेला सगळ्यांसमोर उभी राहणार, बाहेरून आलेला कुणी जाणता माणूस ते परिशिष्ट काढणार, त्या चिमुकल्या अंगठ्यावर बोट ठेवणार आणि विचारणार, बाई, हा कुटुंबप्रमुख कितवीत होता?

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप धरून गेवराईला गेलो. शहादेवचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. टायरमध्ये अर्धा घुसलेला होता. मला बघून फडक्याला हात पुसत उठला.

"या या गुरुजी. चा सांगू?"

"शहादेव, सातवीत असताना तुमी पोरांनी कागद भरले होते. मेंढरांचे. आठवतंय?"

त्यानं जरा वेळ कपाळाला आठ्या घातल्या, मग मोठ्यांदा हसला. "शाईचे अंगठे! आठवतंय की. म्या आमच्या घरी दोनशे मेंढरं लिहिलीती. शेजारच्या सोमेश्वरनं दीडशे लिहिली, मंग म्या काय कमी लिहू?"

"खरी किती होती?"

"मला काय म्हाईत? दादा घेऊन जायचा. असतील चाळीसेक." मग माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "काय झालं?"

मी सांगितलं. बोलता बोलता त्यानं स्टूल ओढून घेतलं आणि बसला. शेजारून ट्रक जात होते. तो काही बोलला की अर्धं त्या आवाजात जायचं.

"तिला सांगू नका," तो म्हणाला.

"शहादेव—"

"न्हाई गुरुजी, ऐका माझं. कोण बघतंय हो ती जुनी बाडं? वाळवीशिवाय कुणी उघडत न्हाई. पोरगी सहा वर्सं झिजली. म्या फ्लेक्स सांगितलाय." त्यानं खिशातून मोबाईल काढून मला दाखवला. पिवळ्या रंगावर तेजश्रीचा टोपी घातलेला फोटो, खाली 'मेंढेवाडीची पहिली डॉक्टर', आणि कडेला रांगेनं गोल गोल चेहरे. म्हाळूचा, शहादेवचा, सरपंचाचा. त्यात माझाही होता. माझ्याखाली लिहिलं होतं, 'जिने घडवली ती ज्ञानगंगा'.

"हे काय लिहिलंय बे?"

"फ्लेक्सवाल्यानं लिहिलं. चांगलं वाटलं." तो खाली बघत राहिला. "तुमचा पण फोटो हाय, गुरुजी. इचार करा."

परत येताना जीपमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. तो म्हणत होता ते करणं किती सोपं होतं. काहीच करायचं नव्हतं. वेलांट्या दुरुस्त करायच्या आणि गप्प बसायचं.

सात दिवस उरले असताना ती आली. मी तिन्ही प्रकरणं तपासून ठेवली होती. तिनं पानं चाळली, तांबड्या खुणा बघितल्या आणि म्हणाली, "एवढ्याच चुका? मंग मी हुशार झाले म्हणायची." सॅकमधून तिनं आणखी एक कागद काढला. तिचा ऋणनिर्देश. पहिलंच नाव माझं. आईबापाच्याही आधी.

"हे वाचून सांगा, जास्त झालंय का."

मी वाचलं नाही. लाल प्रबंध उघडला, परिशिष्ट काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"तेजू, ह्या ठशावर तुझा अंगठा ठेव."

"कावून?"

"ठेव."

तिनं हसत अंगठा ठेवला. ठसा पुरता झाकला गेला. तिनं उचलला, पुन्हा बघितलं. मग स्वतःचा अंगठा उजेडाकडं वळवून डोळ्याजवळ नेला. तिच्या अंगठ्यावरची रेघ आता वाढून नखाजवळ सरकली आहे, पण आहे.

ती अगदी हळू म्हणाली, "दोन दिवस शाई निघाली नव्हती. आजीनं राखेनं घासलंतं."

"हां."

"हा आमच्या घरचा कागद हाय."

"हां. शहादेवनं लिहिलेला. साठच्या साठ पोरांनी लिहिले. मीच लिहायला लावले. माणसं घरी नव्हती."

"साठच्या साठ?" तिचा आवाज एकदम बारीक झाला, वर्गात पाटी फुटली की व्हायचा तसा. "एकशे बारा म्हणजे... पोरांनी मनानं लिहिलेलं?"

मी मान हलवली.

"कावून केलं तुमी असं, गुरुजी?"

धडा चांगला होता, असं म्हणणार होतो का मी?

"तू बापाला कधी विचारलं नाहीस, तेव्हा किती मेंढरं होती ते?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच कळलं की हे बोलायला नको होतं.

"छापलेलं होतं गुरुजी!" ती ओरडली. "ग्रंथालयात होतं, शिक्का मारलेलं. छापलेलं असताना बापाला कोण इचारतं?"

ती उठली. लाल प्रबंध पिशवीत भरला. तिचा ऋणनिर्देश माझ्या गादीवर पडला होता, तो तिनं घेतला, घडी केली, आणि गेली. फाटक लोटायची तिची सवय. त्या दिवशी उघडंच राहिलं.

त्या दोन दिवसांत तिचा फोन लागला नाही. शहादेवला विचारलं, तर म्हणाला, विद्यापीठात गेलीय, वैनीशीपण बोलत न्हाई. ही पोर लहानपणी गणित चुकलं तर विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायची. मला सारखा तो कठडा दिसायला लागला. अठ्ठावीस वर्षांची बाई आहे ती, असं स्वतःला सांगायचो आणि पुन्हा फोन लावायचो.

सहा दिवस उरले असताना दुपारी फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला. आवाज पुरुषाचा, जाडा, निवांत.

"गुरुजी, नमस्कार. प्रविण बोलतोय. ओळखलं का? मोटारसायकलवर आलतो तुमच्याकडं. आता प्राचार्य झालो, बीडात असतो."

मी नमस्कार म्हणालो.

"तब्येत कशी हाय? शुगर-बिगर? सांभाळा. वय झालं." मग नुसता पंख्याचा आवाज. "अमरसिंहचा फोन आलता, तुमच्या त्या मुलीच्या मार्गदर्शकाचा. कायतरी कागदांबद्दल इचारीत होता. म्या म्हणालो, गुरुजींचं वय झालंय, त्यांना नीट आठवत नसंल. बरोबर ना?"

"मला आठवतंय," मी म्हणालो.

"गुरुजी, माझं काय वाकडं व्हणार हाय? माझी खुर्ची पक्की हाय. पण पोरगी नवी हाय. परीक्षक कोण येणार, कवा येणार, काय इचारणार, हे ठरवणारी माणसं आमच्या बसण्या-उठण्यातली. तिला अडचण नको व्हायला. तुमाला तिची माया हाय म्हणून सांगतो. जुनं उकरू नका." आणि मग त्याच आवाजात, "कधी बीडला आलात तर या घरी. जेवूनच जा."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीवर बसलो तो उठलोच नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या. पण त्यानं जेवायला बोलावलं होतं, आणि मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. साप निघालेल्या वर्गात पोरांना बाकावर चढवून मी एकटा काठी घेऊन उभा राहिलेला माणूस आहे. पण त्या वेळी साप समोर होता.

पाच दिवस उरले तेव्हा तेजश्री आली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. ओसरीवर बसली नाही. उभ्यानंच बोलली.

"सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, दोन वाटा हायत. तसंच जमा कर, कुणाला कळणार न्हाई. न्हाईतर मुदतवाढीचा अर्ज दे. पण अर्जाला कारण लागतं आन् कारणाला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे तुमचं लेखी. मुदतवाढ मिळंलच असं न्हाई म्हणाले. न्हाई मिळाली तर गेलं सगळं."

"सर काय कर म्हणाले?"

"म्हणाले, तू ठरव." ती आता एकदम बसली. "मला लई भ्या वाटतंय, गुरुजी."

तिला प्रविणच्या फोनचं सांगावं की नाही? मी सांगितलं, शब्द न् शब्द. परीक्षकांचं सांगताना तिचा चेहरा पांढरा पडत गेला. मग म्हणालो, "हे ऐकूनसुद्धा तू तसंच जमा करायचं म्हणालीस, तर मी कुणाला काही बोलणार नाही. तुझ्यावर सोडतो."

तिनं पिशवीतून तो पातळ, पिवळा प्रबंध काढला, अंबाजोगाईकडच्या बाईंचा. काळ्या दोऱ्याचं एक पान उघडून माझ्यापुढं धरलं. विहिरींच्या पाण्याचा एक तक्ता होता. त्याच्याखाली बारीक अक्षरात टीप : 'या गावी नोंदी मिळाल्या नाहीत. आकडे वृद्धांच्या आठवणीवरून घेतले आहेत. ते चुकीचे असू शकतात.'

"ह्या बाईंना कुणी इचारलं नसतं," तेजश्री म्हणाली. "तरी त्यांनी लिहिलं. तीन वर्षांमागं म्या इथं काळा दोरा बांधला. का बांधला ते आत्ता कळतंय." तिनं नाक पुसलं. "लिहा तुमी."

मी कागद घेतला. सुरुवात केली : 'सन २००३ मध्ये काही प्रश्नावल्या विद्यार्थ्यांकडून...' ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"काही म्हणजे किती, गुरुजी?"

"साठ."

"मंग साठ लिहा."

मी 'काही' खोडलं. पुढं लिहिलं, 'भरल्या गेल्या.'

"भरल्या गेल्या?" ती म्हणाली. "आपोआप?"

कान तापले माझे. मी लिहिलं, 'मी भरून घेतल्या.' चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांवर जे शेरे मारले, ते एकेक करून परत येत होते. पोरांची नावं लिहू का, असं विचारलं, तर ती म्हणाली, "न्हाई. पोरांनी गुरुजींचं ऐकलं, एवढंच." सही करताना पेन दोनदा अडलं. हा कागद तिच्या प्रबंधाला जोडला जाणार होता. म्हणजे त्या ग्रंथालयात माझं नाव आता दोन ठिकाणी राहणार होतं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अमरसिंह सरांचा तेजश्रीला फोन आला. नव्वद दिवस मिळाले होते. तेजश्रीनं मला ते सांगितलं तेव्हा ती हसली नाही, मीही नाही. नव्वद दिवसांत साठ घरं, आणि घरं गोदाकाठानं पांगलेली. आणि शेवटी परीक्षक येणार होतेच.

पहिलं घर तिचंच घ्यायचं ठरलं. म्हाळूचा मुक्काम तेव्हा चार कोसांवर, बाजरी काढलेल्या एका शेतात होता. खतासाठी शेतकऱ्यानं मेंढरं बसवून घेतली होती. सकाळी शहादेवच्या गाडीवर मी मागं बसलो, तेजश्री तिच्या मैत्रिणीच्या स्कूटीवर. पोचलो तेव्हा म्हाळू मेंढरं कोंडायची जाळी सोडवत होता. लेकीच्या हातात कागद बघून तो गमतीनं म्हणाला, "आता काय, माझी परीक्षा घेती का?"

"आप्पा, दोन हजार तीन साली, मी पहिलीत होते तवा, आपली मेंढरं किती होती? आठवून सांगा. नसंल आठवत तर तसं सांगा."

म्हाळूनं आठवायला वेळ घेतला नाही. "छत्तीस. त्या साली सात मेली रोगानं, म्हणून ध्यानात हाय. छत्तीस घेऊन गेलतो, एकोणतीस घेऊन आलो."

शहादेव दुसरीकडं बघायला लागला. तेजश्रीचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. आज म्हाळूच्या कळपात बेचाळीस मेंढरं आहेत. माझ्या डोक्यात आलं तेच तिच्याही आलं असणार. बाकीच्या घरांनी असंच सांगितलं तर तिच्या त्या दोन रेघांच्या वाक्यात काहीच उरणार नव्हतं.

"पुस्तकात दोनशे हायत," ती म्हणाली.

"कुणाची?"

"आपली."

म्हाळू हसला, मग आमचे चेहरे बघून थांबला. "दोनशे? दोनशे मेंढरं असती तर म्या एक गडी ठेवला नसता का? तुझी माय घरी राहिली असती. सहा वर्षांच्या लेकराला आठ आठ महिने म्हातारीपाशी टाकून गेलो असतो का आमी?" त्याचा आवाज चढला. "कोणी सांगितलं दोनशे?"

मेंढरांच्या घंटा वाजत होत्या. शहादेवनं तोंड उघडलं, पण मी त्याला हातानं थांबवलं.

"मी," म्हणालो. "म्हाळू, मी सांगितलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या लेकीला, त्याच्या भावाला मी अक्षर शिकवलं, म्हणून दर संक्रांतीला न चुकता माझ्या पायावर डोकं ठेवणारा माणूस. मी नजर खाली घातली नाही.

तेजश्रीनं कागदावर छत्तीस लिहिलं. त्याच्यापुढं कंसात लिहिलं, 'आठवणीवरून'. मग सॅकमधून नवी शाईची डबी काढली, झाकण उघडलं आणि बापापुढं धरली.

"आप्पा, अंगठा."

म्हाळूनं माझ्यावरची नजर काढली. शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला. चिरा पडलेला, रुंद, चौकटीच्या बाहेर गेलेला ठसा उठला. तेजश्रीनं त्यावर फुंकर घातली, कागद पिशवीत ठेवला आणि यादी काढली.

"पुढचं घर कुणाचं?" शहादेवनं विचारलं.

"सोमेश्वरकाकाचं," ती म्हणाली. "दीडशेवालं."